टीव्ही वार्ताहराची नोकरी : पडद्यावर येण्याआधी आणि त्यानंतर

प्रश्न असा आला आहे : अर्थशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे, वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या आहेत, घरचे म्हणतात आवाज टीव्हीचा आहे. वार्ताहर व्हायचं तर कोणता कोर्स करावा, पडद्यावर यायला किती वर्षं लागतात, तिथून अँकर किंवा परदेश प्रतिनिधी कसं होता येतं, आणि चाळिशीनंतर या माणसांचं होतं काय?

पडद्याचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात फारसं काही नाही. चोवीस तास बातम्या चालवणाऱ्या वाहिनीला माणसं कायम कमी पडतात. सुट्टीचा दिवस असतो, रात्रपाळी असते, दोन सीनियर आजारी असतात, आणि कुणीतरी नवखा बूम (माइक) हातात घेऊन उभा राहतोच. सहा महिन्यांतही हे होतं. त्यामुळे पडद्यावर येणं ही बढती समजू नका. खरी बढती नियुक्तिपत्रावर दिसत नाही. सुरुवातीला डेस्कवरून, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या तयार करणाऱ्यांकडून, फोन येतो तो ‘हे करून आण’ असं सांगायला. पुढे कधीतरी तोच फोन ‘हे खरं आहे का? चालवू का?’ असं विचारायला येतो. तिथून तुम्ही वार्ताहर. कुणाला त्याला चार-पाच वर्षं लागतात, कुणाची अख्खी नोकरी संपते तरी तो फोन येत नाही. अँकर, ब्यूरो चीफ, परदेश प्रतिनिधी या पुढच्या सगळ्या गोष्टी त्या फोनवर अवलंबून आहेत, म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो.

कोर्सबद्दल थोडक्यात. बीबीसीच्या केट ॲडी यांची पदवी स्कँडिनेव्हियन अभ्यासाची होती आणि सुरुवात डरहमच्या स्थानिक रेडिओवर झाली. अल जझीराच्या शिरीन अबू अक्ले आधी आर्किटेक्चरकडे गेल्या होत्या, मग पत्रकारितेकडे वळल्या. सीएनएनच्या क्रिस्टियान अमानपूर पत्रकारिताच शिकल्या. तिन्ही वाटांनी माणसं पोचतात. तुमचं अर्थशास्त्र सोडू नका. अर्थसंकल्पाच्या दिवशी आकड्यांचा तक्ता स्वतः वाचून त्यातली बातमी काढू शकणारा वार्ताहर न्यूजरूममध्ये शोधावा लागतो. बाकीचे तज्ज्ञाच्या बाइटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या दोन वाक्यांसाठी, रांगेत असतात. वर्षभराचा पत्रकारिता अभ्यासक्रम करायचाच असेल तर माहितीपुस्तिकेतल्या स्टुडिओच्या फोटोंवर जाऊ नका. कॅमेरा आणि एडिट मशीन प्रत्यक्ष किती वेळ हातात मिळतं, इंटर्नशिप कुठे मिळते आणि कायदा कोण शिकवतं, एवढं विचारा. मानहानी, न्यायालयाचा अवमान, अल्पवयीन आणि लैंगिक अत्याचारपीडितांची ओळख लपवणं यांचे नियम देशोदेशी वेगळे असले तरी ते न कळणारा वार्ताहर कुठेही धोकादायकच.

वक्तृत्वाचं मात्र एक सांगायला हवं. स्पर्धेतला आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला असतो, आणि टीव्ही पाहणारा माणूस हातभर अंतरावर बसलेला असतो. मुलाखतीला येणाऱ्या वक्त्यांमध्ये हा दोष मी नेहमी पाहतो : पहिल्याच वाक्याला आवाज चढतो, शेवटच्या शब्दावर हात उगारला जातो. तो सुटायला वेळ लागतो. तुमचा खरा फायदा वेगळा आहे. कागद न पाहता सलग बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे, ती जपा.

पहिली नोकरी डेस्कवर मिळाली तर नाक मुरडू नका. अमानपूर १९८३ मध्ये सीएनएनच्या अटलांटा कार्यालयात परदेश डेस्कवर मदतनीस म्हणून लागल्या. १ जून १९८० ला सुरू झालेली ती वाहिनी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. अमानपूर यांचं नाव जगभर झालं ते आखाती युद्धाच्या वार्तांकनातून, म्हणजे त्यानंतर सात-आठ वर्षांनी. डेस्कवर वृत्तसंस्थांकडून येणारे फीड, म्हणजे चित्रं, उतरवायला लागतात. तासाभराच्या कच्च्या फुटेजमधून कामाचे चाळीस सेकंद टाइमकोडसकट (फुटेजमधल्या नेमक्या वेळेसकट) काढून द्यावे लागतात. घटनास्थळावरून वार्ताहर धापा टाकत जे सांगतो ते तीन ओळींत रनडाउनला, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या यादीला, पोचवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण तिथे बसल्यावर एक गोष्ट दिसते जी फील्डवर कधी दिसत नाही : कुणाचा फोन आला की आउटपुटवाले, म्हणजे पडद्यावर काय जायचं ते ठरवणारे, ताबडतोब ब्रेकिंगची पट्टी लावतात, आणि कुणाच्या फोननंतर ‘आणखी एकाकडून कन्फर्म करून घे’ म्हणतात. या दोन याद्या कुठेही लिहिलेल्या नसतात, पण न्यूजरूममधल्या प्रत्येकाला त्या पाठ असतात. तुमचं नाव कोणत्या यादीत जाणार हे पहिल्या दोन वर्षांतच ठरायला लागतं.

आत शिरायचे इतर दरवाजेही आहेत. वृत्तसंस्था, रेडिओ, वर्तमानपत्र, छोट्या गावातलं स्थानिक केंद्र, किंवा स्ट्रिंगर, म्हणजे पगाराऐवजी प्रत्येक बातमीचा मोबदला मिळणारा वार्ताहर. अमेरिकेत छोट्या शहराच्या केंद्रावर दोन-तीन वर्षांचा करार आणि मग मोठं शहर असा जवळपास ठरलेला रस्ताच आहे. पुढे अमेरिकी टीव्हीचे नामवंत अँकर झालेले वॉल्टर क्रॉन्काइट दुसऱ्या महायुद्धात युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी लिहीत होते, सीबीएस या वाहिनीत ते १९५० मध्ये आले. वृत्तसंस्थेतून आलेली माणसं टीव्हीवर वेगळी ओळखू येतात. त्यांना पहिल्या वाक्यात बातमी सांगायची सवय असते.

आता फील्ड. पहिली काही वर्षं जनरल रिपोर्टिंगची असतात. सकाळी आग, दुपारी पत्रकार परिषद, संध्याकाळी संप. ही वर्षं पॅकेज, म्हणजे चित्रं, आवाज आणि बाइट जोडून केलेली पूर्ण बातमी, बांधायला शिकण्यासाठी आहेत. नवीन माणूस आधी लिहितो आणि मग लिहिलेल्यावर चित्रं लावतो; करायचं याच्या उलट असतं. आधी शॉट पाहायचे, मग लिहायचं, आणि चित्रात जे दिसतंय ते शब्दांत सांगायचं नाही. रुग्णालयाला आग लागली तर धूर, शिड्या, स्ट्रेचर हे सगळं प्रेक्षक बघतोच आहे. व्हीओमध्ये, म्हणजे चित्रांवरच्या तुमच्या आवाजात, जे दिसत नाही ते हवं : त्या मजल्यावर किती रुग्ण होते, त्यांना कुठे हलवलं, आगीची तपासणी शेवटची कधी झाली होती. दीड मिनिटाच्या पॅकेजमधून बाइट आणि अँबियन्स (घटनास्थळाचे आवाज) वजा केलं की तुमच्या शब्दांना पाऊण मिनिट उरतं. त्यात ‘एकच खळबळ उडाली आहे’ला जागा नाही.

बाइट घेताना शेवटी ‘आणखी काही राहिलं का सांगायचं?’ असं विचारा आणि कॅमेरा चालू ठेवून गप्प राहा. मुलाखत संपली असं वाटल्यावर लोक माणसासारखं बोलतात. आणि पीटीसी, म्हणजे स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं, ही सही मारल्यासारखी प्रत्येक बातमीत ठोकू नका. बंद दाराआड बैठक आहे, न्यायालयात कॅमेऱ्याला परवानगी नाही, म्हणजे दाखवायला चित्रच नाही, तिथे ती खरी उपयोगी पडते.

कॅमेरामनशी तुमचं नातं कसं आहे यावर पहिल्या पाच वर्षांतलं निम्मं काम ठरतं. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीने इथिओपियातल्या कोरेमच्या दुष्काळाची मायकेल बर्क यांची बातमी दाखवली आणि जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. शब्द बर्क यांचे होते, चित्रं मोहम्मद अमीन यांची. बर्क यांनी चित्रांना वाट करून दिली, त्यांच्यावर आवाज चढवला नाही, म्हणून ती बातमी आजही वर्गात दाखवली जाते. आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरामनच मिळत नाही. न्यूयॉर्कच्या एनवाय वन या वाहिनीने १९९२ पासूनच वार्ताहरांच्या हाती कॅमेरा दिला होता; आज फोनवर शूट करून, तिथेच एडिट करून पाठवणं हे नव्या माणसाकडून गृहीतच धरतात. शिकून घ्या. पण जिथे दोन माणसांची टीम मिळेल तिथे ती सोडू नका. गर्दीत तुमची पाठ कुणीतरी पाहत असणं ही चैन नाही.

लाइव्हबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नाव तिथेच होतं आणि तिथेच जातं. ५ मे १९८० ला लंडनमध्ये इराणी दूतावासावर ब्रिटिश कमांडोंनी चढाई केली तेव्हा त्या संध्याकाळच्या पाळीला केट ॲडी होत्या. बीबीसीने स्नूकरचा सामना थांबवून त्यांना लाइव्ह घेतलं. हातात स्क्रिप्ट नव्हती, समोर स्फोट होत होते. तिथून त्यांचं नाव झालं आणि १९८९ मध्ये त्या बीबीसीच्या चीफ न्यूज करस्पाँडंट झाल्या. हा किस्सा नशिबाचा म्हणून सांगितला जातो. पाळी नशिबाने मिळाली हे खरं, पण त्यामागे स्थानिक रेडिओपासूनची काही वर्षं होती.

न अडखळता बोलणं म्हणजे लाइव्ह चांगलं झालं असं नाही. तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत : काय झालं हे मी पाहिलं, काय झालं असं अमुक माणूस सांगतो, आणि काय अजून कळलेलं नाही. इयरपीसमध्ये स्टुडिओतून आवाज येतो, ‘यामागे घातपात आहे का?’ मोह असा होतो की ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणावं. हे वाक्य मला अजिबात चालत नाही. शक्यता कुठलीच नाकारता येत नाही! त्याऐवजी ‘पोलिसांनी तसं म्हटलेलं नाही. त्यांनी आतापर्यंत एवढंच सांगितलं आहे की...’ असं बोला आणि जे माहीत आहे त्यावर परत या. अँकर थोडा खट्टू होईल. पण डेस्कवर बसलेली माणसं हेच ऐकत असतात, आणि मघाशी सांगितलेल्या दोन याद्या अशाच तयार होतात.

दुसरी बाब लाइनची. १६-१७ जानेवारी १९९१ च्या रात्री बगदादवर बॉम्बहल्ले सुरू झाले. अल-रशीद हॉटेलातून सीएनएनचे बर्नार्ड शॉ, जॉन हॉलिमन आणि पीटर आर्नेट तासन्‌तास बोलत राहिले. टीव्हीच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या लाइव्हपैकी हे एक, आणि त्या रात्री पडद्यावर चित्र नव्हतं; नकाशा, फोटो आणि तिघांचे आवाज. इतर वाहिन्यांच्या लाइनी बंद पडल्या. सीएनएनची चालू राहिली, कारण रॉबर्ट वीनर या त्यांच्या प्रोड्यूसरने इराकी अधिकाऱ्यांमागे लागून ‘फोर-वायर’ नावाची स्वतंत्र लाइन आधीच मिळवली होती. प्रसिद्धी तिघांना मिळाली, पण ती रात्र प्रोड्यूसरने जिंकली होती. आज लाइव्ह पाठवणाऱ्या बॅकपॅकमध्ये चार-सहा सिमकार्डं असतात म्हणून हा प्रश्न सुटला असं वाटतं. गर्दीत मोबाइल नेटवर्क बसलं की तो पुन्हा उभा राहतो.

चार-पाच वर्षांनी, बहुतेक ठिकाणी, बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, मिळते : न्यायालय, गुन्हे, राजकारण, आरोग्य, अर्थ, संरक्षण. माझ्या मते खरं करिअर इथे सुरू होतं, आणि बरेच जण नेमके इथेच घसरतात. दिसायला बरा आणि बोलायला सफाईदार असलेल्या वार्ताहराला वाहिनी लाइव्हला जुंपते. दर अर्ध्या तासाला त्याच दारासमोर उभं राहून तेच सांगायचं. दिवसाला आठ-दहा लाइव्ह झाले की आत काय चाललंय हे पाहायला त्याला वेळच नसतो. डेस्कवरून जी माहिती मिळते तीच तो डेस्कला परत सांगतो. चेहरा ओळखीचा होतो, लोक फोटो काढून घेतात, आणि पाच वर्षांनी त्याच्या फोनमध्ये प्रवक्ते सोडून एकही नंबर नसतो.

बीट बांधणं म्हणजे मंत्री ओळखीचे असणं नव्हे. मंत्री बदलतात, आणि त्यांना जे सांगायचं असतं तेच ते सांगतात. न्यायालयाच्या बीटवर रोजचं कामकाज लावणारा कर्मचारी, गुन्ह्याच्या बीटवर तपासाचे कागद तयार करणारा हवालदार, आरोग्यावर खरेदी विभागातला अधिकारी आणि रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, यांच्याशी बातमी नसलेल्या दिवशी बोलायला लागतं. ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणून ऐकलेलं खरोखरच बाहेर जाऊ द्यायचं नाही, बातमीची चढाओढ असली तरी. आणि सोर्सची माहिती चुकीची निघाली तर त्याला तसं तोंडावर सांगायचं. तो रागावत नाही, उलट पुढच्या वेळी सांभाळून बोलतो. हे सगळं पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही आणि रेटिंगमध्येही मोजलं जात नाही, पण डेस्कवरून विचारणारा फोन याच्यामुळेच येतो.

साधारण आठ-दहा वर्षांनी फाटे फुटतात. एक अँकरिंगकडे जातो. तुमच्या प्रश्नाचा रोख तिकडे दिसतो, म्हणून स्पष्ट सांगतो : अँकरिंग ही वार्ताहराची पुढची पायरी नाही, तो वेगळा व्यवसाय आहे. फील्डची काही वर्षं केलेला अँकर वार्ताहराला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारत नाही, एवढा फायदा होतो. पण अँकर झाला की सोर्स हळूहळू तुटतात, आणि जुन्या फील्डच्या गोष्टी रंगवून सांगायची सवय लागते. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीचे अँकर ब्रायन विल्यम्स यांनी, २००३ मध्ये इराकमध्ये आपण बसलेल्या हेलिकॉप्टरवर मारा झाला होता, असं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं आणि रात्रीच्या त्या मुख्य बुलेटिनवर ते परतले नाहीत.

दुसरा फाटा आत जातो : असाइनमेंट प्रमुख (कुणाला कोणत्या बातमीवर पाठवायचं ते ठरवणारा), आउटपुट, कार्यकारी निर्माता. पगार आणि अधिकार बहुधा इथे जास्त, झोप मात्र सगळ्यांत कमी. तिसरा म्हणजे विषयतज्ज्ञ. बीबीसीत अशा वार्ताहरांना ‘एडिटर’ हे पद देतात. जेरेमी बोवेन १९८४ मध्ये तिथे प्रशिक्षणार्थी म्हणून लागले आणि २००५ मध्ये मिडल ईस्ट एडिटर झाले. असे एडिटर पडद्यावर राहतात, पण काय झालं यापेक्षा त्याचा अर्थ काय हे सांगायला. चाळिशीनंतर काय, या प्रश्नाचं मला सर्वांत पटणारं उत्तर हे आहे, आणि चांगली बीट बांधलेल्यालाच ते मिळतं. काही जण जागाही बदलत नाहीत. अबू अक्ले १९९७ मध्ये अल जझीराला आल्या, वाहिनी सुरू झाल्यानंतरच्या वर्षी, आणि पंचवीस वर्षं पॅलेस्टिनी भागाचंच वार्तांकन करत राहिल्या. जागा तीच होती. अरब जगात घरोघरी त्यांचा आवाज ओळखला जात होता. ११ मे २०२२ ला जेनिनमध्ये ‘प्रेस’ लिहिलेलं जॅकेट अंगात असताना गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. बरेच जण चाळिशीत हा धंदाच सोडतात आणि जनसंपर्क, अध्यापन किंवा स्वतःचं व्हिडिओ चॅनल यांत जातात. त्याला अपयश म्हणायचं कारण नाही.

परदेश प्रतिनिधी व्हायचं म्हणजे युद्धावर जायचं, असं बहुतेकांच्या मनात असतं. रोजचं परदेश वार्तांकन खरं तर निवडणुका, अर्थव्यवस्था, व्हिसा आणि व्यापार करार यांचं असतं, आणि त्या देशाची भाषा येणं ही सगळ्यात मोठी पात्रता आहे. युद्धाचं वेगळं आहे. विचारलंत म्हणून लिहितो, जाहिरात म्हणून नाही. २२ मार्च २००३ ला इराकमध्ये बसराजवळ ब्रिटनच्या आयटीएन या टीव्ही वृत्तकंपनीचे टेरी लॉइड मारले गेले. ते सैन्याच्या तुकडीबरोबर नव्हते, स्वतंत्रपणे फिरत होते. ते अनुभवी होते. त्यांच्याबरोबर दुभाषे हुसेन उस्मान यांचाही जीव गेला, कॅमेरामन फ्रेड नेराक बेपत्ता झाले. अशा घटनेत वार्ताहराचं नाव लक्षात राहतं. स्थानिक दुभाषा, चालक, फिक्सर (गाठीभेटी जुळवून देणारा) यांना मात्र घटना संपल्यावरही तिथेच राहायचं असतं, त्यांना परतीचं तिकीट नसतं. मुक्त पत्रकारांचं तर मागे कुणी नसतं. १९९३ मध्ये मॉस्कोत ओस्तान्किनो टीव्ही केंद्रापाशी रोरी पेक हे मुक्त कॅमेरामन मारले गेले, त्यानंतर त्यांच्या नावाने १९९५ मध्ये मुक्त पत्रकारांना मदत करणारा न्यास उभा राहिला. कोणी तुम्हाला अशा जागी पाठवत असेल तर विमा कुणाच्या नावाने आहे, त्यात दुभाषा आणि चालक येतात का, सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचं सामान कोण देणार, आणि ‘मी जाणार नाही’ म्हटलं तर काय होईल, हे लेखी विचारा. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर जाऊ नका.

मनावरचा परिणामही मोजला गेला आहे. टोरँटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १४० युद्धवार्ताहरांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आयुष्यात कधीतरी पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक विकार) झालेल्यांचं प्रमाण सुमारे २९ टक्के निघालं, आणि तरीही युद्धावर न गेलेल्या पत्रकारांपेक्षा ते उपचार जास्त घेत होते असं दिसलं नाही. त्यासाठी युद्धच लागतं असंही नाही. दिवसभर डेस्कवर बसून अपघाताचं कच्चं फुटेज कापणाऱ्या मुलांनाही झोप लागत नाही, हे मी पाहतो.

राहिलं तुमच्या पुढच्या काही महिन्यांचं. शोरील, म्हणजे कामाचे नमुने दाखवणारी चित्रफीत, बनवा, दोन ते तीन मिनिटांची. सुरुवातीला मोठ्ठं संगीत, उडणारं नाव आणि वेगवेगळ्या कपड्यांतले शॉट घालू नका. पाहणारा संपादक पहिल्या अर्ध्या मिनिटातच बंद करतो. फोनवर शूट केलेलं एक पूर्ण पॅकेज, सलग न कापलेला एक मिनिटाचा लाइव्हसारखा भाग आणि एक मुलाखत पुरे. पॅकेज अर्थशास्त्राचंच करा. एखाद्या सार्वजनिक कामाच्या खर्चाचे कागद मिळवा, आणि तो खर्च ज्याच्या दारात झाला किंवा झालाच नाही अशा माणसाला शोधा. कच्चं फुटेज पुसू नका, मुलाखतीला येताना बरोबर घेऊन या. ‘हा बाइट कापण्याआधी पूर्ण काय होता?’ असं बरेच संपादक विचारतात. मी तर हमखास विचारतो.